गुलामांची टेकडी

हनुक्काच्या सुट्टीत आम्ही बेअर शेव्याहून भल्या पहाटे निघालो. सोबत चपात्या, बटाट्याची भाजी, चहाचा थर्मास आणि दोन नातवंडे. एलातच्या अलीकडे सुमारे 25 किलोमीटरवर तिमनाचे खोरे आहे. तेथे फाटकाशी आमचे मामेभाऊ वाट पाहत होते. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. 1976 साली तिमनाची तांब्याची खाण बंद पडेपर्यंत त्यांनी तेथे काम केले.

खरे सांगायचे तर आमच्या घरात त्यांना खाणकामगार कुणी म्हणत नसे. मुंबईस पत्र लिहिताना “दादा एलातला नोकरीस आहेत” एवढेच लिहीत असू. आमचे वडील कारकून. मातीत राबणारा माणूस नात्यात असणे त्यांना कमीपणाचे वाटे.

प्रथम खडकावरील चित्रे पाहिली. अरुंद घळीत शिरून मान वर केली की लाल खडकात कोरलेले रथ दिसतात. काहींना चक्क बैल जुंपले आहेत! कुऱ्हाडी घेतलेले योद्धे, शहामृग, वाकड्या शिंगांचे रानबोकड. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, मिसरी लोक तेथून तांबे नेत त्या काळची ही चित्रे मानतात. नातीने लगेच सर्व बोकड मोजावयास घेतले. शलमोनाचे खांब म्हणतात ते प्रचंड सुळके शलमोनाने बांधले नाहीत, वाऱ्यापावसाने घडवले आहेत. पायथ्याशी मिसरी देवी हाथोरचे छोटे देऊळ 1969 साली सापडले. तेथेच सोनेरी डोक्याचा तांब्याचा साप मिळाला. तोराहमधील मोशेचा साप आम्हा सर्वांना आठवला.

मग त्या टेकडीशी आलो. माथ्यावर ओसाड खाणवस्ती: पडकी भिंत, भट्ट्यांच्या खुणा आणि जिकडेतिकडे काळ्या कीटाचे तुकडे. 1934 साली नेल्सन ग्लूक या संशोधकाने ती भिंत पाहून ठरवले की आत गुलाम कोंडून ठेवीत असावेत. तेव्हापासून तिचे नाव गुलामांची टेकडी. पुढे तेल अवीव विद्यापीठाच्या लोकांनी तेथे खणले, तेव्हा दावीद-शलमोनाच्या काळातील बकऱ्यांच्या चांगल्या मांसाची हाडे, समुद्रातील मासळीचे काटे आणि बारीक विणीची रंगीत वस्त्रे निघाली. 2021 साली तर तिमनात मिळालेल्या लोकरीवर अर्गामानचा, म्हणजे समुद्री गोगलगायीपासून काढलेला राजेशाही जांभळा रंग असल्याचे सिद्ध झाले. भट्टी सांभाळणारे गुलाम नव्हते, मानाचे कारागीर होते.

आमच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत. नाव दुसऱ्याने दिले, तरी घाणा चालवणे हे त्यांना ठाऊक होते, नाव देणाराला नव्हते.

नातू म्हणाला, “दादाआजोबा, तुम्हीही गुलाम होता का?”

आम्ही त्याला दटावणार, तोच दादा हसले. एक काळा तुकडा उचलून त्यांनी उन्हात फिरवला. “हे बघ, बाळा. हा काचेसारखा गुळगुळीत आहे, म्हणजे भट्टी चांगली तापली होती. भाता नीट चालला नाही तर तांबे आतच अडकून राहते. मारून मुटकून हे काम होत नाही रे.”

इतक्या वर्षांत दादांच्या तोंडून कामाविषयी आम्ही हे प्रथमच ऐकले. कधी विचारलेच नव्हते. नातवाने तुकडा खिशात घातला होता. दादांनी तो काढून होता तेथे परत ठेवला. मग सावलीत बसून आम्ही चपात्या सोडल्या, आणि दादा खाणीत उतरण्याच्या पहिल्या दिवसाची हकिकत सांगू लागले.