गोंदण

आज पेठेतल्या दुकानात नमुन्यांची चोपडी चाळणारी तरुण मंडळी पाहिली, आणि ज्या नक्षीची फर्माईश शेकडोंनी केली तीच आपल्या व्यक्तित्वाची निशाणी मानण्याच्या त्यांच्या हव्यासाचे मला कौतुकापेक्षा नवलच अधिक वाटले. अर्थात, आजीच्या मनगटावर गोंदणारणीने काजळी लावलेल्या सुयांनी टोचलेले हिरवट तुळशीवृंदावन हेही रिवाजाचेच. तिची पसंती कोणी विचारली असेल, असे वाटत नाही. परंतु मंदिरप्रवेश नाकारला गेल्यावर, १९व्या शतकाच्या अखेरीस, छत्तीसगडातील ज्या रामनामी समाजाने सर्वांगावर रामाचे नाव गोंदवून घेण्यास आरंभ केला, त्याच्यापाशी भक्ती आणि बंड एकाच त्वचेवर नांदत होती. त्यांच्या नव्या पिढीतील पुष्कळजण मात्र, शहरात नोकरी मिळणे दुष्कर होईल या धास्तीने, सर्वांग गोंदवून घेण्यास धजत नाहीत.