खत विकत आणलं होतं

सातवी-आठवीच्या मुलांना समाजसेवा शिकवायची म्हणून नाशिकच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं जे उपक्रम घेतले, त्यातले निम्मे आज कुणी घेताना दिसलं तर मी त्याला बाजूला घेऊन थांबवीन. घाट झाडणं, निर्माल्य गोळा करणं, झाडं लावणं, जुने कपडे वाटणं, यात वाईट काय असणार? पेपरात फोटो यायचा, पालक खूश, मुख्याध्यापक खूश. गणिताचा तास बुडाला म्हणून पोरं तर सगळ्यात खूश.

मी विज्ञानाचा मास्तर. कार्यानुभव माझ्या गळ्यात पडला तो माझे तास मोकळे होते म्हणून. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ वेळापत्रकात आणलं, हे सगळं मी बी.एड.ला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. माझ्या वर्गात मात्र त्या सगळ्याचा अर्थ आईने भरून दिलेला रुमाल आणि वडिलांनी चिकटवलेली कागदी पिशवी एवढाच होता. याचा कंटाळा आला, म्हणून पोरांना बाहेर काढायचं ठरवलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गंगेवर जायचो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गाडगे महाराज पुलाच्या आसपास पाण्यात अर्धवट विरघळलेल्या मूर्ती, पिशवीसकट फेकलेलं निर्माल्य, थर्माकोल. पोरं हातमोजे घालून भिडायची. तासाभरात ढीग, मग बॅनर धरून फोटो, मग वडापाव. पुढच्या वर्षी तेच, त्याच जागी, तेवढाच ढीग. ‘सर, दरवर्षी एवढंच कसं काय निघतं?’ असं एकाने विचारलं होतं. मी म्हणालो, ‘बोलू नकोस, काम कर.’

गाडगेबाबांच्या नावाच्या पुलाखाली उभं राहून मी हे बोललो. बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री कीर्तनात ते लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारून घाम फोडायचे, तेही माहीत असतं. मी त्यांचा झाडू तेवढा घेतला.

दुतोंड्या मारुतीच्या पायाशी आम्ही कितीदा झाडलं! अख्खं नाशिक त्या मूर्तीवर पूर मोजतं, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं म्हणजे पाणी कमरेला लागतं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. आठवीच्या पोराला पावसाळाभर पुरेल एवढं गणित तिथे दगडात उभं आहे. मी त्याच्याभोवतीचा कचरा उचलायला लावला आणि पोरांना घरी पाठवलं.

मूर्ती घरीच बादलीत विरघळवायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढली, तेव्हा आम्ही अमोनियम बायकार्बोनेटच्या पुड्या घरोघर वाटल्या. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याची खाली चुनखडी बसते, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं आणि ते झाडांना खत म्हणून चालतं. रासायनिक अभिक्रियेचा याहून चांगला धडा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार होता? मुलांना मी एवढंच सांगितलं, की प्रत्येक घरी एक पुडी द्या आणि सही घ्या.

आता खताची गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

गोळा केलेल्या निर्माल्याचं शाळेतच खत करायचं ठरलं. दोन पिंपं आणली, भोकं पाडली. पोरांनी सगळं त्यात कोंबलं: झेंडू, दूर्वा, केवड्याची पानं, पंचामृतात भिजलेली फुलं. पाचसहा दिवसांत पिंपाला असा वास सुटला की शेजारच्या वर्गाच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. आळ्या झाल्या. काळं पाणी गळू लागलं. कारण मला ठाऊक होतं. ओल्या फुलांत नत्र भरपूर, कर्ब कमी. खत नीट व्हायला कर्ब आणि नत्राचं प्रमाण तिसास एकच्या आसपास लागतं, म्हणजे वाळका पालापाचोळा हवा, आणि हवा खेळती हवी. मैदानाच्या कडेला पाचोळ्याचा खच पडला होता. पोरांना ‘यात काय कमी आहे ते शोधा’ म्हटलं असतं तर त्यांनी शोधलं असतं.

पण विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि आमचा प्रकल्प तालुक्याला जाणार होता. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी शिपाईमामांकरवी पिंपं रिकामी करून घेतली, धुऊन घेतली, आणि गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून गांडूळखताची पोती आणून त्यात ओतली. सकाळी पोरांना दाखवलं. काळं, भुसभुशीत, बिनवासाचं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एका मुलीने वाजवल्या नाहीत. तिने मूठभर खत हातात घेतलं, बोटांनी चाळलं आणि म्हणाली, ‘सर, हे आपलं नाही. आपल्यात हारांचे दोरे होते.’

खरंच होतं. बाजारातले झेंडूचे हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले असतात, तो दोरा कुजत नाही. हे तिने आळ्यांच्या पिंपात हात घालून शिकून ठेवलेलं होतं. मी म्हणालो, ‘चाळून घेतलंय गं.’ ती काही बोलली नाही. प्रदर्शनात परीक्षकांसमोर उभी राहून तिनेच माहिती सांगितली, मी पाठ करून घेतलेली, आणि आम्हाला बक्षीस मिळालं.

या पोरांनी एक वहीसुद्धा ठेवली होती. रोजचा वास कसा, रंग कसा, आळ्या किती मोठ्या, पिंपाच्या मधोमध हात घातला तर गरम लागतं पण कडेला लागत नाही, असं सगळं त्यात होतं. खरा प्रकल्प ती वही होती. मळकी दिसते म्हणून मी ती प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवू दिली नाही.

कपडेवाटपाचं सांगायला जास्त जड जातं. डिसेंबरात नाशिकची थंडी कडक असते. नासर्डीच्या काठावरच्या एका वस्तीत स्वेटर आणि चादरी वाटायचं मी ठरवलं. नासर्डी नदीचंच नाव आता नंदिनी. मुलांनी घराघरांतून कपडे जमवले, घड्या घातल्या, टेम्पो भरला. तिथे पोचल्यावर रांग लावली. माझ्या वर्गातला एक मुलगा टेम्पोच्या मागून पुढे यायलाच तयार नव्हता. मी त्याला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ओरडलो. मग रांगेतली एक बाई पुढे आली आणि हळूच म्हणाली, ‘राहू द्या सर. तो माझा आहे.’

त्याचा पत्ता माझ्या हजेरीपटात होता. माझ्याच अक्षरात. कुठे जायचंय हे वर्गात सांगताना तो समोर बसलेला होता आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही. त्या बाईंनी चादर घेतली नाही. ‘चहा घेऊन जा’ म्हणाल्या. पोरांना परत न्यायची घाई आहे असं सांगून मी चहाही घेतला नाही. ते नाही म्हणणं मला आजही त्या कपडेवाटपापेक्षा जास्त बोचतं. तो मुलगा पुढे बरेच दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा मी त्याला काहीच बोललो नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही, हे खरं कारण. त्याला आणखी लाज वाटू नये म्हणून, हे मी स्वतःला सांगितलेलं.

वस्तीत जाऊ नये असं मी म्हणत नाही. त्या वस्तीला काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं, एवढंच. नंतर कळलं की त्यांचं दुखणं थंडी नव्हतंच, पावसाळ्यात नाला घरात शिरतो हे होतं.

वृक्षारोपणाबद्दल फार लिहीत नाही. जुलैत उघड्या टेकडीवर गुलमोहर लावले, मार्चपर्यंत वाळले. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर 2015 पासून ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या मंडळींनी देशी झाडांची देवराई उभी केली. उन्हाळ्यात पाणी घालायचं, वणवा लागू नये म्हणून गवत काढायचं, असं सगळं नेटाने करून. तिथे जाऊन आलो तेव्हा आमच्या गुलमोहरांना उन्हाळ्यात बघायलाही मी कधी गेलो नव्हतो हे आठवलं.

माझ्या हातून एकच उपक्रम जमत आला होता आणि तोही मीच मोडला. ‘पाणवेली नेमक्या इथेच का वाढतात?’ असा प्रश्न वर्गात निघाला. यावेळी गप्प बस म्हटलं नाही. शहराच्या वरच्या अंगाच्या सोमेश्वरपासून तपोवनाच्या खालपर्यंत गोदावरीचं ठिकठिकाणचं पाणी, शिवाय एका नाल्याचं पाणी, बाटल्यांत भरून आणलं. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिथिलिन ब्लू मिळतं. प्रत्येक बाटलीत त्याचे सारखे थेंब टाकले, बुचं घट्ट लावली आणि बाटल्या कपाटात अंधारात ठेवल्या. पाण्यात मैला जास्त असला की जीवाणू प्राणवायू संपवतात आणि निळा रंग उडतो. नाल्याची बाटली सगळ्यात आधी पांढरी पडली. सोमेश्वरची निळीच राहिली. मग अंघोळीच्या पाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नसावी, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष मी फळ्यावर लिहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरांना निकष या शब्दाचा राग आलेला पाहिला. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन पाणवेल फोफावते, हे मला सांगावं लागलं नाही.

पोरं म्हणाली, आता नाल्याने वर जाऊ. मी म्हणालो, परीक्षा जवळ आलीय. परीक्षा लांब होती. नाला कुठल्या कॉलन्यांमधून येतो ते मला माहीत होतं आणि तिथे शाळेचे बरेच पालक राहत होते. पोरं रविवारी सायकली काढून आपली आपण गेली. सोमवारी येऊन सांगितलं, नाल्यात सरळ सोडलेले पाइप सापडले आणि त्यातला एक त्यांच्यातल्याच एकाच्या सोसायटीचा आहे. तो मुलगा स्वतः सांगत होता, डोळे चमकत होते. मी म्हणालो, छान, पण अहवालात ते लिहू नका. अहवाल लिहिला गेला. ‘नदीप्रदूषण: कारणे व उपाय’. त्यात पाइपचा उल्लेख नाही. सोसायटीचा पाइप अजून तसाच आहे का, हे मी जाऊन पाहिलेलं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान कधीतरी दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. सुतार, माळी, कुंभार अशा लोकांच्या हाताखाली मुलांनी शिकावं, अशी कल्पना. चांगली आहे. पण शासनाचं परिपत्रक आणि माझ्यासारखा मास्तर एकत्र आले की त्या दहा दिवसांचे दहा फोटो व्हायला वेळ लागत नाही.

2027 मध्ये नाशिकला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. शाळांकडे स्वयंसेवक मागितले जातील, झाडू आणि टोप्या वाटल्या जातील. नाशिकच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: सातवी-आठवीच्या पोरांना गर्दीत उभं करू नका. पर्वणीच्या आधी आणि नंतर, मोठी माणसं सोबत घेऊन, सोमेश्वरपासून दसकपर्यंतच्या पाण्याच्या बाटल्या त्यांना भरू द्या. काय निघेल ते शाळेच्या दर्शनी फळ्यावर त्यांच्याच हातांनी लिहू द्या. मुख्याध्यापक नको म्हणाले तर मला बोलवा. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि अशा वेळी मास्तर काय काय कारणं सांगतात ती मला सगळी येतात.