सैल अंगठी

साखरपुडा झालेल्या जोडप्याचा फोटो वडिलांच्या स्टुडिओत एकाच पद्धतीने निघायचा. मुलगी खुर्चीत, मुलगा शेजारी उभा, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर. खांद्यावर नाही. मी धंद्यात नवीन होतो तेव्हा या फोटोंची चेष्टा करायचो.

आता जोडपी उजाडायच्या आत वाईजवळच्या मेणवलीला पोचतात. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, ‘स्वदेस’मध्ये दिसलेल्या पायऱ्या, शिवाय १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. मागे एवढं सगळं असलं की फोटोग्राफर आळशी होतो. जोडपं कोणतंही असो, फोटो घाटाचाच येतो.

त्या दिवशीच्या मुलीने मोबाइलमध्ये बत्तीस पोझ साठवून आणल्या होत्या. स्थळ पाहून ठरलेलं लग्न, दोघं जेमतेम चारदा भेटलेली. फोनवर ती त्याला ‘अरे’ म्हणत असावी; आमच्यासमोर जीभ ‘अहो’वर अडखळत होती. सोबत तिचा धाकटा भाऊ. त्याला घरून का पाठवलंय ते उघड होतं, म्हणून मी त्याच्या हातात थर्माकोलची शीट दिली. घाटाचा काळा दगड उजेड गिळतो, खालून पांढरं काही धरलं नाही तर हनुवटीखाली अंधार साचतो.

“कपाळाला कपाळ लावा,” मी म्हणालो. लावलं. दोघांचे डोळे गच्च मिटलेले, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. “दादा, हे राहू द्या ना,” ती म्हणाली. मी कसला ऐकतोय! आणखी दहा पोझ काढल्या. चेहरे हसत होते, पण हातांचं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. चेहऱ्याला हसायची सवय असते, हात मात्र लगेच चुगली करतात. त्याची मूठ आवळलेली, तिची बोटं ओढणीच्या काठाशी चाळा करणारी.

सव्वाआठला कंटाळून म्हटलं, चहा घेऊ. ती हात धुवायला खालच्या पायरीवर वाकली आणि अंगठी सटकली. दगडावर टणकन वाजून पाण्याच्या काठाशी थांबली. त्याने झडप घालून उचलली. “सैल आहे तर बोलायचं ना,” तो म्हणाला. “तुमच्या आईंनी हौसेने केलेली, कसं बोलणार?”

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. कुर्त्याच्या टोकाचा एक दोरा दातांनी तोडला आणि अंगठीच्या मागच्या बाजूला गुंडाळू लागला. तीन वेढे घेऊन घालून पाहिली, काढली, आणखी दोन दिले. ती मान वाकवून बघत होती. मध्ये चांगलं हातभर अंतर, जवळ होते ते फक्त चार हात. पंच्याऐंशीची लेन्स लावलेलीच होती. बाजूला सरकून, काहीही न सांगता, चार क्लिक केले. भावाने थर्माकोल केव्हाच खाली ठेवला होता. पण तिच्या मांडीवरची पांढरी ओढणी तेच काम करत होती, दोघांच्या चेहऱ्यांवर खालून मऊ उजेड येत होता. घंटा, वाडा, नदी, यातलं काहीच फ्रेममध्ये नव्हतं.

मुलीच्या आईला तो फोटो मुळीच आवडला नाही. “काय शोधताहेत दोघं? चेहरे तरी दिसतात का नीट?” कार्यालयाच्या दारातल्या बॅनरवर कपाळाला कपाळच लागलं. काकूंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण अल्बमच्या पहिल्या पानावर दोघांनी हाच घ्यायला सांगितला. डिझाइन करणाऱ्या पोराने फाइल पाठवली, मी उघडून पाहिली. अंगठी लखलखीत. “सर, खाली घाण लागली होती, क्लीन केली,” तो अभिमानाने म्हणाला. मूळ फाइल पुन्हा पाठवली आणि त्याला फोनवर धरून ते पाचही वेढे परत आणायला लावले.