आरपार

बोगदा या वस्तूबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. आगगाडी कर्जत सोडून घाटात शिरली की आम्ही भावंडं बोगदे मोजायला बसायचो. बोगदा आला की डब्यातल्या यच्चयावत पोरांनी जीव खाऊन ओरडायचं, आणि उजेड आला की काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं बाहेर बघायचं, असा त्या काळी नियम होता. लोणावळा आलं की बेरजा ताडून बघायच्या. माझी, ताईची आणि धाकट्याची बेरीज कधी म्हणजे कधी जुळली नाही. वडील म्हणायचे, "परत येताना पुन्हा मोजा." परत येतानाही तीन निराळे आकडे. पुढे बी.कॉम. होऊन मी बँकेत लागलो आणि संध्याकाळी न जुळणारी कॅश हा माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. त्याचा पाया हा असा घाटातच घातला गेला.

डोंबिवलीला बिऱ्हाड केल्यावर रोजचा बोगदा मिळाला. पारसिकचा. हा १९१६ सालचा, लांबी सव्वा किलोमीटरच्या जरा वर. आमच्या फास्ट लोकल कित्येक वर्षं त्यातून जायच्या. त्या अंधारात पूर्वी लोक विचार करत असत, मोबाईल आल्यापासून "हॅलो... हॅलो..." करू लागले. तेव्हा बोगद्याच्या बाबतीत मी अगदीच नवखा नाही, एवढंच मला सांगायचं आहे. हिमालयात दहा हजार फुटांवर नऊ किलोमीटरचा बोगदा झाला आहे असं वाचलं, तेव्हा मी आधी हिशेब केला : म्हणजे सात पारसिक, एकापुढे एक. मग एल.एफ.सी.चा अर्ज काढला.

बँकेबाहेरच्या वाचकांसाठी : एल.एफ.सी. म्हणजे बँकेनं आम्हाला सहकुटुंब प्रवासाला जाण्यासाठी दिलेलं भाडं. हे भाडं "जवळात जवळच्या मार्गानं" मिळतं. तुम्ही आयुष्यभर कितीही वळसे घ्या, बँक पैसे सरळ रेषेचे देते.

अर्जावर 'मनाली-केलाँग' लिहिलेलं पाहून आमचे हेड कॅशियर खुर्चीतून अर्धे उठले. "रोहतांग करणार ना?"

रोहतांग हा हेड कॅशियरांचा खास प्रांत. २००६ साली ते तिथं जाऊन आले आणि तेव्हापासून आमची शाखाही मधूनमधून जाऊन येते. पहाटे तीनला उठणं, रस्त्याकडेच्या दुकानातले भाड्याचे कोट (त्यांच्या कोटाच्या खिशात आधीच्या गिऱ्हाइकाची सुपारी निघाली), दोन्ही डाव्या पायाचे गमबूट, तेरा हजार फुटांवर हुंगायला नेलेली कापराची पुरचुंडी, चार तास गाड्यांची रांग, वहिनींना आलेली चक्कर आणि शेवटी बर्फात पाच मिनिटं उभं राहून काढलेला फोटो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंती पहिल्या वर्षी कमरेएवढ्या होत्या. पुढे त्या चक्रवाढ व्याजानं वाढत गेल्या. शाखेत पासबुकाचं मशीन बसलं त्या सुमारास त्या दुमजली झाल्या होत्या.

"रोहतांगला आता परमिट लागतं, गाड्यांची संख्याही ठरलेली आहे," मी म्हणालो. "आम्ही खालून जाणार. बोगद्यातून."

"खालून?" हेड कॅशियर पुन्हा बसले. "मग सांगणार काय आल्यावर?"

प्रश्न रास्त होता. मराठी माणूस प्रवासाला जातो तो आल्यावर सांगता यावं म्हणून. घाट, वळणं, उलट्या, बंद पडलेली गाडी आणि ऐन वेळी मिळालेला चहा यांवर आपली प्रवासवर्णनं उभी आहेत. बोगदा या सगळ्याच्या मुळावरच येतो. मनाली ते केलाँग हे अंतर यानं ४६ किलोमीटरनं कमी केलं, चार-पाच तास वाचवले. वाचलेल्या चार-पाच तासांचं वर्णन कसं करायचं?

जाण्याआधी मी थोडी माहिती गोळा केली. अर्ज, मंजुरी, टिपण आणि शेरा यांच्या बाहेर माझं डोकं फारसं चालत नाही. त्यामुळे या बोगद्यातही मला आधी फाईल दिसली. लाहौल हा रोहतांगपलीकडचा मुलूख. खिंडीत बर्फ पडला की वर्षातले जवळजवळ सहा महिने तो उरलेल्या जगापासून तुटायचा. तिथले टशी दावा हे अटलबिहारी वाजपेयींचे जुने स्नेही. ते १९९८ साली दिल्लीला गेले आणि पंतप्रधान झालेल्या आपल्या मित्राकडे त्यांनी मागितलं काय, तर बोगदा. आपल्याकडे एखाद्याचा मित्र साधा शाखाधिकारी झाला तरी लोक पेट्रोल पंपाचं कर्ज मागतात. २००० साली वाजपेयींनी बोगदा जाहीर केला, २००२ मध्ये जोडरस्त्याची पायाभरणी झाली, प्रत्यक्ष बोगद्याची २०१० मध्ये. तो वाहतुकीला खुला झाला ३ ऑक्टोबर २०२० रोजी. अर्ज करणारा आणि मंजूर करणारा, दोघेही तोवर राहिले नव्हते. बोगद्याला मात्र वाजपेयींचं नाव मिळालं : अटल बोगदा.

मधली वर्षं कुठे गेली? बरीचशी सेरी नाल्यात. डोंगराच्या पोटात या नाल्याखाली दगड असा फुटका आणि भुसभुशीत निघाला, की खणावं तिथून पाणी आणि चिखल आत यायचा. हा पट्टा ५८७ मीटरचा. तो पार करायला जवळजवळ चार वर्षं लागली. मी भागाकार केला. दिवसाला चाळीस सेंटिमीटर! म्हणजे पुरता एक हातसुद्धा नाही. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरपुढची रांग याहून वेगानं सरकते, हे मी आता तक्रार करणाऱ्यांना आकड्यांनिशी सांगतो. पण गंमत सोडा. सकाळी कामावर जायचं, डोक्यावर अख्खा डोंगर, अंगावर बर्फासारखं पाणी, आणि संध्याकाळी वीतभर पुढे सरकून परत यायचं. आणि हे चार वर्षं! सीमा सडक संघटनेच्या आणि कंत्राटदारांच्या त्या माणसांना घरी बायको "आज काय केलंत?" असं विचारत असेल, तर ते काय सांगत असतील?

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही मनालीहून निघालो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये एकूण अकरा मराठी माणसं आणि चिवड्याच्या सात पिशव्या. हवा ओली, देवदार हिरवेगार, ढग डोंगराच्या खांद्यावर. पहिल्या बाकावर एक निवृत्त मामलेदार होते. निवृत्तीनंतर माणसाचा हुद्दा जातो, पण तपासणी जात नाही. बोगद्याचं तोंड आलं तसे ते सरसावून बसले.

आत दिवे होते. इथंच माझी निम्मी निराशा झाली. अंधार नाही तो बोगदा कसला! नालेच्या आकाराची गुळगुळीत कमान, दोन्ही दिशांना एकेक गाडी जाईल असा आठ मीटरचा रस्ता, ओव्हरटेक करायला बंदी. मामलेदार मोठ्यानं नोंदी घेत होते. "दीडशे मीटरवर टेलिफोन... साठ मीटरवर आग विझवायचा नळ... हे पाचशे मीटरवर संकटकाळचं दार." त्या दारांतून उतरलं की रस्त्याच्या खाली आणखी एक छोटा बोगदा आहे, वर काही बरंवाईट झालं तर पळून जाण्यासाठी. ही कल्पना मला फार आवडली. आमच्या स्ट्राँगरूमलाही असं एक आणीबाणीचं दार आहे. त्याची किल्ली कुणाकडे असते यावर तीन मॅनेजरांच्या बदल्या झाल्या, पण निकाल लागलेला नाही.

गाडी थांबवून बोगद्यात नाचणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या उद्घाटनाच्याच वर्षी आल्या होत्या. आमच्यापैकी कुणी नाचलं नाही. चिरंजीवांनी ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. मी त्याला कोपरानं ढोसलंही. तो कानातली बोंडं काढून म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." सौ.चा डोळा लागला होता. दहा-बारा मिनिटांत पलीकडचा उजेड आला, आणि तिनं जागी होऊन विचारलं, "अहो, आला का बोगदा?"

पण पलीकडे बाहेर पडलो आणि सगळेच गप्प झाले. मामलेदारसुद्धा. आत शिरताना ओली, हिरवी, ढगाळ दुनिया होती. बाहेर कोरडं लख्ख ऊन, उघडेबोडके, पिवळट-तपकिरी प्रचंड डोंगर, माथ्यावर बर्फ आणि खाली चंद्रा नदी. पाऊस अलीकडेच अडतो. कुणीतरी मधलं पानच फाडलं असावं तसं. पूर्वी ही दोन पानं जोडायला रोहतांगची आख्खी खिंड चढून उतरावी लागे. रोहतांग या नावाचा अर्थ तिकडे प्रेतांचा ढीग असा सांगतात. हेड कॅशियरांच्या वर्णनात ही गोष्ट कधी आली नव्हती. त्यांचा ढीग नेहमी बर्फाचाच असे.

सिस्सूला धबधब्यासमोर चिवडा झाला. पिशव्या आम्ही परत गाडीत घेतल्या, हे मुद्दाम सांगतो. सात नेल्या होत्या, सहा भरल्या. बेरीज न जुळण्याचा शाप मला तिथेही सोडत नव्हता. मी आणि चिरंजीव मागे जाऊन वाऱ्याशी पळापळ करून सातवी घेऊन आलो. मात्र आजूबाजूला ज्या पिशव्या उडत होत्या त्यांची मोजदाद आमच्या आवाक्यातली नव्हती.

केलाँगला सौ. लाहौली विणीचे लोकरीचे मोजे बघायला गेली आणि मी बँक बघायला गेलो. हलवायाला दुसऱ्याच्या दुकानातला पेढा चाखावासा वाटतो, तसं मला परगावी बँकेत डोकावल्याशिवाय राहवत नाही. काउंटरवरचा गृहस्थ माझ्याच वयाचा, तिथलाच, लाहौली. मी माझी ओळख मुंबईकडच्या हिंदीत दिली. ती त्याला कळली, हा त्याचा चांगुलपणा. चहा आला.

"बोगद्यामुळे तुमचं बरंच बरं झालं असेल," मी म्हणालो.

"बरं कसलं, भाईसाब!" त्यानं कपाळावर हात मारला. "पूर्वी नोव्हेंबरात खिंड बंद झाली की मे महिन्यापर्यंत वरचा साहेब नाही, इन्स्पेक्शन नाही, ऑडिट नाही. आता जानेवारीत येतात! सकाळी मनालीहून निघतात आणि अकराला इथे हजर!"

आम्ही दोघंही मनापासून हळहळलो. सहा महिने ऑडिट नाही! असं सुख इंद्रालाही मिळत नसेल. अजूनही फार बर्फ पडला किंवा कडा कोसळला की रस्ता दोन-चार दिवस बंद राहतो, एवढाच काय तो दिलासा, असं तो म्हणाला. मटार आणि बटाट्याचे ट्रक आता घाटात अडकून नासत नाहीत. रविवारी सिस्सूला गाडी उभी करायला जागा मिळत नाही. पूर्वी थंडीत गावं चिडीचूप असायची, माणसं चुलीशी बसून विणत असायची. आता मोटारींतून गाणी ऐकू येतात. हे सगळं तो आलेल्या-गेलेल्या रकमा सांगाव्यात तसं सांगत होता. कुठल्या बाजूला किती, हे त्यानं सांगितलं नाही.

मग कप बाजूला सारत म्हणाला, "तेव्हा हिवाळ्यात हेलिकॉप्टर यायचं. नावं नोंदवायची यादी असे. हवा चांगली असली तर यायचं." त्याच्या आईचं नाव त्या यादीत दुसरं होतं. पोटात काहीतरी झालं होतं, खाली नेणं भाग होतं. पहिल्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी बर्फ. "चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. हेलिकॉप्टर आलं. मी जाऊन यादीतलं नाव खोडून आलो. मागच्याला जागा मिळायला हवी ना."

काउंटरवर पैसे मोजायचं मशीन फडफडत होतं. मी त्याच्याकडे बघत बसलो.

"आणि २०२१ च्या फेब्रुवारीत," तो म्हणाला, "बहिणीला रात्री कळा सुरू झाल्या. जीपमध्ये घातली, कुल्लूला नेली. सकाळी भाचा झाला. जाताना बोगद्यात ती ओरडत होती, तर ड्रायव्हर म्हणाला, ओरडा, ताई, इथं कुणी ऐकत नाही."

सौ. मोज्यांचे चार जोड घेऊन दारात उभी होती. त्यानं त्यांची किंमत विचारली आणि आपण थोडे जास्तच दिलेत असा निकाल दिला.

परत आल्यावर हेड कॅशियरांनी माझं प्रवासवर्णन दोन मिनिटांत संपवलं. त्यात चक्कर नव्हती, गमबूट नव्हते. मग मी एल.एफ.सी.चं बिल लिहायला घेतलं तेव्हा ते मदतीला आले. त्यांच्या खणात जुना अंतरांचा तक्ता असतो, स्वतःच्या हातानं रूळ मारून केलेला. "हे बघा, मनाली-केलाँग, व्हाया रोहतांग, एकशे सोळा किलोमीटर. बिनधास्त लावा. इथं कोण बघायला जातंय?"

दोन रुपयांच्या फरकासाठी मी पगारपत्रकाशी सहा-सहा महिने भांडलेलो आहे, हे सगळ्या शाखेला ठाऊक आहे. मी पेन घेतलं आणि सत्तर लिहिलं.

हेड कॅशियर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांनी विचारलं, "त्या बोगद्यात दिवे आहेत म्हणता?"