अब्बांची राजदूत आणि तिचे दोन कार्बोरेटर

वारसा म्हटला की घर, जमीन, दागिने डोळ्यांसमोर येतात. मरहूम अब्बांनी आम्हा तिघा भावंडांसाठी घरासोबत एक मोटरसायकलही मागे ठेवली, राजदूत 350. जपानच्या यामाहा आरडी 350 वर बेतलेली ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 पासून भारतात बनवली. दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. त्या काळी आपल्याकडच्या रस्त्यांवर इतकी चपळ गाडी क्वचितच दिसे.

अम्मी आधीच गेल्या होत्या. त्यामुळे शरियतप्रमाणे आम्हा दोघा भावांचे दोन-दोन आणि आपाचा एक, असे पाच हिस्से. जुन्या गाड्यांचे शौकीन अशा गाडीला चांगली किंमत देतात, पण ती चालू आणि मूळ रूपात हवी. आमची धड चालत नव्हती. वर्षानुवर्षे उभी राहिल्याने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट झाले होते, स्लाइड झिजल्या होत्या. एका सिलिंडरचा प्लग काळाकुट्ट निघे, दुसऱ्याचा पांढराफटक.

एका मिस्त्रीने उपाय सांगितला, ‘‘दुसऱ्या गाडीचे कार्बोरेटर टाका, एअर बॉक्स कापून काढा. सुसाट पळेल.’’ आम्ही भाऊ जवळजवळ तयार झालो होतो. फोनवर आपा एवढेच म्हणाली, ‘‘अब्बांच्या गाडीला करवत लावण्याआधी माझा हिस्साही विचारा.’’

तेव्हा आम्ही तिघांनी मिळून ठरवले, गाडीत बदल करायचा तो उद्या परत फिरवता येईल असाच. काहीही कापायचे नाही, काहीही फेकायचे नाही.

जपानी आरडी 350 ला 28 मिलिमीटरचे मिकुनी कार्बोरेटर असत. आम्ही त्याच मापाचे, गोल स्लाइडचे दोन नवे घेतले. रबरी जोड तडकले होते, तेही बदलले, कारण तिथून आत शिरणारी हवा सगळे गणित बिघडवते. बसवणे तासाभराचे काम. खरे काम त्यानंतरचे. नव्या कार्बोरेटरमधले जेट आपल्या इंजिनाला जुळतीलच असे नाही. अ‍ॅक्सिलरेटर नुकता उघडताना पायलट जेटचे काम, मधल्या टप्प्यात सुईचे आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेटचे. टू-स्ट्रोक इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की पिस्टन तापून फुगतो आणि भर वेगात जाम होतो. मागचे चाक जागीच अडकते. एअर बॉक्स कापण्यातला धोका हाच. हवा वाढते, पण जेट तेच राहतात. आजचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोलही मिश्रण थोडे पातळच करते. म्हणून आमच्या जाणत्या मिस्त्रींनी आधी मोठा मेन जेट घातला आणि प्लग काढून बघत एकेक पायरी खाली आले. प्लगवर बिस्किटासारखा तपकिरी रंग आला, तिथे थांबले.

मग दोघांचा मेळ. मुठीतून निघालेली एक तार पुढे तीन फाट्यांत जाते, दोन कार्बोरेटरना आणि एक ऑइल पंपाला. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओझे होतो. मिस्त्री दोन्ही तोंडांत बोट घालून मूठ हळूहळू फिरवत होते. पंपाची तारही पुन्हा जुळवावी लागली, नाहीतर पेट्रोल बरोबर आणि ऑइल कमी, असे झाले असते.

चौथ्या दिवशी गाडी दोन्ही सिलिंडरवर सारखी बोलू लागली. आपा माहेरी आली तेव्हा धाकट्याने तिला मागे बसवून ईदगाहपर्यंत फेरी मारून आणली. परत आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘जुने कुठे ठेवलेत?’’

जुने दोन्ही कार्बोरेटर स्वच्छ धुऊन, ऑइलचा हात फिरवून, डावा-उजवा अशी चिठ्ठी लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत. डबा आपाच्याच घरी आहे. स्लाइड मिळाल्या तर ते पुन्हा बसतील. गाडी विकायची की ठेवायची, हे अजून ठरलेले नाही. ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी पाचही हिस्से शाबूत असतील, इन्शाअल्लाह.