खडूच्या कड्यावर कुऱ्हाडी
रहिमतपूरच्या माणसाला दगड म्हटला की काळा कातळ. चंदन-वंदनचे किल्ले घ्या नाहीतर अजिंक्यतारा, त्या दगडापुढे छिन्नीसुद्धा हात टेकते. इंग्लंडात डोव्हरजवळ, सेंट मार्गारेट्स बेच्या किनाऱ्यावर मात्र कड्याला हात लावला आणि बोटं पांढरी झाली. नखानं ओरखडा उठतो! शंभर मीटरच्या आसपास उंचीचा हा सगळा डोलारा खडूचा. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची चुनखडी कवचं तळाशी साचत गेली, तीच ही भिंत. वय आपल्या कातळापेक्षाही जास्त.

आणि या भिंतीवर दोघं जण बर्फ चढायची हत्यारं घेऊन निघालेले. दोन्ही हातांत आइस अ‍ॅक्स, बुटांना क्रॅम्पॉनचे दात. पातं हाणायचं, ओढून बघायचं, मग बुटाचं टोक रुतवून हातभर वर. दोर अडकवायलाही बर्फातलेच लांब खिळे. मधूनच गारगोटीचा काळा पट्टा येतो. त्यावर पातं खणकन उसळतं. खाली भुकटीचा पाऊस. वरचा गडी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता.

ही कल्पना रुजवली ती गिर्यारोहक मिक फाउलर आणि त्याच्या दोस्तांनी, १९८०च्या दशकात. फाउलर तेव्हा नोकरीनं आयकर खात्यातला. लंडनहून स्कॉटलंडचं बर्फ लांब, डोव्हर जवळ. शनिवार-रविवारची सोय झाली! हा हिशेबी वेडेपणा मला फार आवडला. गंमत म्हणून सोडून देण्यासारखा हा माणूस नव्हे. पुढे २०१२ मध्ये पॉल रॅम्सडेनबरोबर तो हिमाचलातलं शिवा शिखर चढला आणि त्या चढाईला गिर्यारोहणातला मानाचा पियोले द'ऑर पुरस्कार मिळाला.

आपल्या सह्याद्रीत पकड सुटायची भीती. इथं खडूवर पकड पक्की असते, पण पकडलेला दगडच निघून येतो. त्याच २०१२च्या मार्चमध्ये डोव्हरच्या कड्याचा मोठा तुकडा समुद्रात कोसळला होता. ज्या वाटेनं चढलो ती पुढच्या वर्षी जागेवर असेलच, याची खात्री कोण देणार?

माथ्यावर पोचूनही सुटका नाही. दोर बांधायला भरवशाचा धोंडा सापडत नाही म्हणून गवतात लोखंडी खुंट ठोकायचा आणि त्याच्या जिवावर खालच्या जोडीदाराला वर घ्यायचं.