परवाना कशाला?

प्रथमोपचार शिकवितांना मुलें मला विचारतात, ‘सर, सेवा करावयास परवाना कशाला?’ मी त्यांना अमेरिकेचें उदाहरण देतों. १९६६ सालच्या एका अहवालानुसार तेथील सुमारें निम्म्या रुग्णवाहिका-सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हातीं होत्या! १९७० सालीं तेथें राष्ट्रीय नोंदणी-संस्था निघाली. तिच्या प्रमाणपत्रांच्या आज चार पायऱ्या आहेत. प्रमाणपत्राचें नूतनीकरण दर दोन वर्षांनीं करावें लागतें, आणि कामाचा परवाना त्या त्या राज्याकडून मिळतो. रस्त्यांत मूर्च्छित पडलेल्या माणसास आपला उपचारक पारखून घेतां येत नाहीं. ती पारख त्याच्या वतीनें समाजानें आधींच करून ठेविलेली असावी लागते. विद्यार्थीमित्रहो, सद्हेतु थोर खरा. परंतु शिकलेल्या हातांवांचून तो पांगळाच.